डिचोलीच्या टायपिंग क्लासातला मॉनिटर

मित्रांनो, पुढे फुगीर काच आणि मागे भलंमोठं पोट असलेला जुना मॉनिटर तुम्ही पाहिला नसेल. मी तसाच एक. आता डिचोलीतल्या एका घराच्या माळ्यावर असतो. मला घडवलं कारखान्याने, पण माझं आयुष्य सुरू झालं ते एका घाबरलेल्या घरात.

गोवा राज्य होऊन दहाएक वर्षं झाली होती. म्हापशाच्या एका दुकानात मी फळीवर बसलो होतो. तिथे सुलोचनाबाई आल्या. डिचोलीत त्यांचा टायपिंगचा क्लास होता. मुली आता टाइपरायटर सोडून संगणक शिकायचं म्हणत होत्या. तो नसता तर क्लास बंद पडला असता, आणि घर चालत होतं ते त्या क्लासावरच. त्यांचे यजमान रघुनाथ पूर्वी खाणीवर इलेक्ट्रिशियन होते. पाण्याने भरलेल्या खाणीत पंप दुरुस्त करताना त्यांना विजेचा झटका बसला. दोन बोटं कायमची आखडली. तेव्हापासून त्यांनी घरातलं साधं बटणसुद्धा दाबलं नव्हतं. संध्याकाळी दिवा लावायचा तोही सुलोचनाबाईंनीच.

त्या दिवशीही रघुनाथ दुकानाच्या पायरीवरच थांबले होते.

दुकानदाराने माझ्याशेजारचा मोठा, दुरुस्त केलेला मॉनिटर पुढे केला. त्याच पैशांत मोठा पडदा मिळतोय, असं तो म्हणाला. सुलोचनाबाईंनी दोन्ही मॉनिटर चालू करायला लावले आणि दोन्हींवर मराठीचं एकेक पान टाइप करून पाहिलं. मोठ्याच्या कोपऱ्यांत अक्षरं फिसकटत होती, अनुस्वार दिसत नव्हते आणि पांढरं पान सारखं थरथरत होतं. थोड्या वेळाने त्याच्या मागून करपल्यासारखा वास येऊ लागला. माझा पडदा लहान, पण अक्षर कोपऱ्यापर्यंत स्वच्छ. बाईंनी माझी पिन तपासली, हमीचा कागद मागून घेतला. दुकानदार कंटाळला होता. मी मात्र भेदरलो होतो. ही बाई गेली तर मला दुसरं कोण नेणार, या विचाराने.

संगणकाच्या पेटीबरोबर त्यांनी मलाच नेलं.

घरी लोखंडी टेबलावर माझी जागा झाली. पहिल्या दिवशी मुली माझ्याभोवती गोळा झाल्या, माझं कौतुक झालं. रघुनाथ दारातून बघत, आत येत नसत. माझ्या आतून बारीक गुणगुण ऐकू आली की त्यांच्या कपाळावर घाम येई.

मग एका सकाळी सायली नावाच्या मुलीने टेबलाच्या कडेवर हात ठेवला आणि किंचाळून मागे पडली. तिच्या हाताला मुंग्या आल्या होत्या. तोंडाचा रंग उडाला होता. मुली भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. सुलोचनाबाई माझी वायर ओढायला धावल्या.

"सुलू, टेबलाक हात लावू नको! मागे हो."

दारातून रघुनाथ ओरडले होते. त्यांनी धावत जाऊन मेन स्विच खाली केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा हात स्विचला लागला होता.

माझा पडदा काळा झाला. त्या काळोखात मी ऐकत होतो. सायली ठीक होती, रडत पाणी पीत होती. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "वायरमनाक बोलावते. तुम्ही नका करू."

रघुनाथ टेबलाजवळ येऊन थांबले. मग म्हणाले, "तो येईपर्यंत कोण तरी हात लावतला. माका भंय दिसता गो. पण बघतंय मीच."

त्यांनी जुना टेस्टर शोधून आणला. पायांत रबरी चपला घालून ते लाकडी पाटावर उभे राहिले. माझी पिन काढली. मुलींना अंगणात पाठवून सुलोचनाबाईंना मेन चालू करायला सांगितलं आणि टेस्टर टेबलाला टेकवला. त्यातला दिवा लागला. मी जोडलेलासुद्धा नव्हतो, म्हणजे दोष माझा नव्हता.

मेन पुन्हा बंद करून ते टेबलाखाली वाकले. एक्स्टेन्शनची वायर टेबलाच्या पायाखाली चिरडून उघडी पडली होती. भिंतीतल्या सॉकेटला गळती वीज जमिनीत उतरवणारं अर्थिंगही नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्यांनी दोन्ही नीट केली. नंतर ते अंगणातल्या पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. सुलोचनाबाई शेजारी बसून राहिल्या.

क्लास पुढे बरीच वर्षं चालला. नवीन मुलीला पहिला धडा रघुनाथ देत: हात कोरडे ठेवा, वायर पायाखाली येऊ देऊ नका. त्यांची भीती कधी गेली नाही. ती सोबत घेऊनच ते काम करू लागले.

मग चपटे मॉनिटर आले आणि मी माळ्यावर गेलो.

मित्रांनो, वस्तू घेताना पैसे कमी असले तर लाजू नका. चालू करून दाखवा म्हणा, आणि वेळ घेऊन बघा. आणि माझ्यासारखा जुना मॉनिटर अंगणात सापडला तर दगड मारून त्याची काच फोडू नका, मागचं झाकण उघडू नका. बंद असलो तरी आमच्या पोटात वीज दबा धरून बसलेली असते, काचेत शिसं असतं. जाणत्या माणसाला बोलवा. घाबरत का होईना, पण आम्हाला जपून उचला.