डाव्या चाकाचा आवाज

सासूबाईंची गाडी गॅरेजच्या दारात उभी राहिली, तेव्हा फिटरला वाटलं, रस्ता चुकल्या असाव्यात. त्याला सगळा बाजार फिटर म्हणायचा, बायकोसुद्धा रागावली की तेच म्हणायची. सासूबाई मात्र 'जावईबापू' म्हणायच्या, आणि तेही अशा सुरात की त्यापेक्षा फिटर बरं वाटावं. एकुलत्या एका मुलीसाठी त्यांनी खुर्चीत बसून काम करणारा जावई मनात धरला होता. मिळाला तो गाडीखाली झोपून काम करणारा. तेव्हापासून त्यांची गाडी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, काचेच्या भिंतींच्या वर्कशॉपमध्ये जायची. जावयाच्या गॅरेजसमोरून जायची, पण थांबायची नाही.

आज थांबली होती. काचवाल्यांनी पुढच्या आठवड्याचा वायदा केला होता आणि सासूबाईंना एक दिवससुद्धा परवडणारा नव्हता. नवऱ्याच्या माघारी त्यांनी धुलाईचं दुकान एकहाती चालवलं होतं. लॉजच्या चादरी, दवाखान्यांचे पडदे, सलूनचे टॉवेल अशी सगळी ने-आण त्या स्वतः करायच्या. गाडी लहान, जुनी. मागची सीट काढून टाकलेली आणि तिथे इस्त्रीचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले.

"आवाज येतोय," त्या काच खाली करून म्हणाल्या. "घूंऽऽ करून. वेग वाढवला की वाढतो, कमी केला की उतरतो. गिरणीत बसल्यासारखं वाटतं."

"कुठून येतो, आई?"

"उजवीकडून. पुढून. रोज मी चालवते, मला ठाऊक आहे."

वेगाबरोबर चढणारा आवाज म्हणजे बहुतेक चाकाचं बेअरिंग, हे फिटरला ऐकूनच कळलं. खरं तर आता गाडी घेऊन एक चक्कर मारायला हवी होती. गिऱ्हाईक कितीही छातीठोक सांगो, आधी चक्कर, मग पाना, हा त्याचा नेम. पण सासूबाई घड्याळाकडे बघत होत्या. पहिल्यांदाच आल्यात, पहिल्याच वेळी शब्द कशाला खोडा? त्याने उजवं चाक जॅकवर घेतलं, वर-खाली धरून हलवलं. किंचित हललं. निदान तसं वाटलं. मनात असलं की हातालाही लागतं.

दुपारपर्यंत त्याने उजवं बेअरिंग बदलून दिलं. जुनं बाहेर निघालं तेव्हा सवयीने बोटात धरून फिरवलं, तर ते लोण्यासारखं फिरलं. ना करकर, ना अडखळ. त्याने परत एकदा फिरवून बघितलं. पण प्रेसवर दाबून काढलेलं बेअरिंग परत बसवता येत नाही, आणि नवं तर घालून झालं होतं. 'असेल आतून कुठेतरी गेलेलं,' असं स्वतःलाच समजावून त्याने ते भंगाराच्या डब्यात टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज उघडायच्या आत सासूबाई दारात.

"आवाज आहे तसाच आहे, जावईबापू."

पुढचं वाक्य त्या बोलल्या नाहीत, पण ते काचेच्या भिंतींबद्दल होतं हे त्याला न बोलताही ऐकू आलं.

"बाजूला बसा, मी चालवतो," तो म्हणाला.

गोदामांच्या मागे लांब, मोकळा रस्ता होता. तिथे त्याने वेग घेतला. आवाज घुमायला लागला, अगदी त्यांनी सांगितला होता तसा. त्याने स्टिअरिंग हळूच डावीकडे वळवलं. आवाज मवाळ झाला. उजवीकडे वळवलं, एकदम चढला. गाडी उजवीकडे वळली की सगळा भार डाव्या चाकांवर येतो. म्हणजे दुखणं डावीकडे. शंकेला जागाच नव्हती. आवाज पुढून, डावीकडून, सासूबाई बसल्या होत्या त्यांच्या पायांखालून येत होता.

"हा बघा!" सासूबाई म्हणाल्या. "आला ना? तुमच्या बाजूनं."

"माझ्या?"

"मग काय माझ्या?" त्यांनी त्याच्या गुडघ्याकडे बोट दाखवलं.

फिटरने परत एकदा गाडी उजवीकडे घातली. त्यांच्या पायांखालची पत्र्याची जमीन थरथरत होती. त्यांचं बोट मात्र त्याच्याकडेच. काही गिऱ्हाइकं हट्टापायी चुकीचं सांगतात, पण त्यांच्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता. त्या ऐकत होत्या, मन लावून ऐकत होत्या, आणि त्यांना तो आवाज खरोखरच उजवीकडून येत होता.

त्याने गाडी मागे वळवली. गॅरेजला येऊन त्याने डावं चाक उचललं. एका हाताने चाक गरकन फिरवलं, दुसरा चाकामागच्या स्प्रिंगवर ठेवला. हाताला मुंग्या आल्यासारखी खरखर लागली. उजव्या बाजूला तेच केलं. तिथे सगळं शांत. सासूबाईंना रिक्षात बसवून दिलं, दोन गठ्ठे बरोबर दिले, बाकीचे मी पोचवतो म्हणाला.

मग कामाला लागला. चाक परत जमिनीवर टेकवून मधला मोठा नट लांब पाइप लावून सैल केला, मग गाडी चढवून चाक काढलं. ब्रेकचा भाग सोडवून तारेने वर टांगला, नळीला ओढ बसायला नको म्हणून. चाक ज्यावर बसतं त्या हबसकट सगळा लोखंडी ऐवज खाली उतरवून प्रेसखाली ठेवला. जुनं बेअरिंग 'ठक्' करून सुटलं. हातात फिरवलं तर डाळीत खडा लागावा तशी कचकच. आत पाणी शिरून छरे गंजले होते.

नवं बेअरिंग बसवताना घाई चालत नाही. बाहेरच्या कडीवरच दाबायचं, सरळ, थेंबाथेंबाने. आतल्या कडीवर दाब आला की नवंसुद्धा मेलं समजायचं. फिटर प्रेसचा दांडा हळूहळू खाली घेत होता, हात आपलं काम करत होते, आणि डोकं दुसरीकडेच फिरत होतं.

गेल्याच महिन्यात बायकोच्या सांगण्यावरून त्याने या गाडीचा पत्रा सासूबाईंच्या अंगणात जाऊन फुकट ठोकून दिला होता. डावा दरवाजा होता. आत्ता पुढचा पत्रा चेपलेला होता, तोही डावा. आरसासुद्धा डावाच तडकलेला. उजवी बाजू कोरी.

आणि जेवणाचं टेबल. सासूबाईंकडे रविवारी जेवायला गेलं की त्याची खुर्ची ठरलेली, दाराजवळची, त्यांच्या डाव्या हाताची. हल्ली तो मीठ मागायचा आणि त्या पानात बघून जेवत राहायच्या. तो म्हणायचा, "आई, चादरी वाढल्यात का?" आणि त्या मुलीशी दुसरंच काही बोलायला लागायच्या. आधी निदान टोमणा तरी मारायच्या. आता टोमण्याच्याही लायकीचा राहिलो नाही, असं समजून त्याने बोलणंच सोडलं होतं.

त्याने नट पूर्ण ताकदीने आवळला आणि हात पुसता पुसता परत एकदा त्या डाव्या दरवाजाकडे बघितलं.

संध्याकाळी सासूबाई गाडी न्यायला आल्या. "तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो," तो म्हणाला. "आवाज गेला का बघू."

आवाज गेला होता. गाडी तेल घातलेल्या कडीसारखी चालत होती. सासूबाईंचा चेहरा जरा सैल झाला. चौकाच्या अलीकडे रस्त्यावर खड्डा होता. तो चुकवायला त्यांनी गाडी डावीकडे घ्यायला सुरुवात केली. नेमका त्याच बाजूने एक मोटरसायकलवाला हॉर्नवर हॉर्न देत पुढे घुसत होता.

"आई, डावीकडे!" फिटर ओरडला.

त्यांची मान हलली नाही. गाडी सरकतच राहिली. त्याने हात पुढे करून स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. चाक खड्ड्यात धाडकन आपटलं, मोटरसायकल सुळकन निघून गेली, आणि तिच्यावरच्या माणसाने मागे वळून दोघांच्याही सात पिढ्यांचा उद्धार केला. तो मात्र सासूबाईंनी ऐकला.

त्यांनी गाडी कडेला घेऊन बंद केली. हात स्टिअरिंगवरच होते.

"डाव्या कानाला किती दिवस झाले?" त्याने विचारलं. या वेळी पुढे वाकून, त्यांच्या तोंडासमोर येऊन.

त्यांनी किल्ली काढून मुठीत धरली.

"थंडीत ताप आला होता ना, त्यातून उठले," त्या म्हणाल्या. "सकाळी बघते तर कानाला दार लावल्यासारखं. म्हटलं, उघडेल आपोआप."

"आता पंखे लागले, आई."

"मला कळतं पंखे लागलेत ते."

"डॉक्टर?"

"डॉक्टर म्हणजे पोरीला कळणार. पोरीला कळलं की पहिली किल्ली काढून घेणार. मग चादरी काय डोक्यावरून नेऊ?"

फिटरने समोरच्या काचेवरची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाला, "उजवं बेअरिंग चांगलं होतं. उगाच बदललं मी."

"चांगलं होतं? मग बदललंत कशाला?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

"मी म्हणाले म्हणून? तुम्हाला डोकं नाही का?"

"आहे. तुमच्यापुढे चालत नाही."

सासूबाईंच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. तेवढ्या बळावर त्याने विचारून टाकलं, "जेवताना मी बोलतो, तुम्ही उत्तर देत नाही. मला वाटायचं, मुद्दाम करता."

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला.

"कधीकधी मुद्दाम," त्या म्हणाल्या. "पण दर वेळी नाही."

तो हसला आणि खाली उतरला. फिरून उजव्या दाराशी आला. "सरका. मी तिला सांगणार नाही, तुम्हीच सांगायचं. पण सांगून, कान दाखवून होईपर्यंत गाडी मी चालवणार."

"जावयाला ड्रायव्हर केला म्हणून लोक माझ्या तोंडात शेण घालतील!"

"मग लवकर सांगा."

सासूबाईंनी तीन सकाळी तग धरला. फिटर गाडी चालवायचा, गठ्ठे उतरवायचा आणि उशिरा गॅरेज उघडायचा. लॉजच्या मॅनेजरने "नवा माणूस ठेवलात वाटतं?" विचारलं, तेव्हा सासूबाई तोंडातल्या तोंडात "जावई आहे" म्हणाल्या आणि गाडीत येऊन बसल्या. त्याच संध्याकाळी त्यांनी मुलीला सांगितलं. मुलगी आधी आईवर ओरडली, मग माहीत असून गप्प बसल्याबद्दल नवऱ्यावर, मग स्वयंपाकघरात जाऊन एकटीच रडून आली आणि डॉक्टरांची वेळ घेतली.

दवाखान्यात सासूबाईंना काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. त्या भराभर बटण दाबत होत्या. डॉक्टरीणबाई जरा वेळ बघत राहिल्या, मग दार उघडून म्हणाल्या, "आजी, अजून मशीन सुरूच केलं नाही मी."

"सराव करत होते," सासूबाई म्हणाल्या.

कानाची नस गेली होती. वेळेत आल्या असत्या तर कदाचित वाचली असती, आता नाही. उजवा कान खणखणीत होता. डाव्या बाजूचा आवाज उजव्या कानात पोचवणारं एक यंत्र असतं, ते लावून बघता येईल. त्याची सवय होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. पुढे बाहेरच्या बाजूला मोठे आरसे बसवले आणि वळायच्या आधी मान वळवून बघायची सवय लावली, तर चालवायला हरकत नसावी. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर बाकावर बसल्या आणि पदराने चष्मा पुसत राहिल्या. पुसून झाला तरी पुसतच होत्या. फिटर त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसला. त्यांची फाईल त्याने आपल्या मांडीवर घेतली. त्यांनाही ते चाललं.

"दोघंही गाडीच्या किल्लीला हात लावू नका," बायको म्हणाली. "माझा तुमच्यावर काडीचा विश्वास उरलेला नाही. मी चालवते."

ती वर्षातून एखाद्या वेळी गाडी चालवायची. फिटरच्या गाडीत सासूबाई पुढे बसल्या, तो मागे. पहिल्याच वळणावर ती दुधाच्या टेम्पोच्या इतकी जवळून गेली की सासू आणि जावई दोघांनीही एकदमच पायाखाली नसलेला ब्रेक दाबला.

"जावईबापू, तिला हळू चालवायला सांगा," सासूबाई मान मागे वळवून म्हणाल्या.

"तुम्ही सांगा, आई. तुमची मुलगी आहे."

"बायको तुमची आहे."

"मला दोन्ही कानांनी ऐकू येतंय," बायको म्हणाली. तेवढ्यात सिग्नल सुटला, गाडीने एक हिसका दिला आणि ती बंद पडली.