दुखवट्यातली कढई

मार्तंड साळवे यांनी धाकट्या भावाचं दुःख किती केलं म्हणाल, तर सगळ्या विक्रोळीला पुरून उरलं. कबरस्तानात दोघांनी बखोटीला धरलं तेव्हा कुठे उभे राहिले. एवढंच की जयवंत काविळीनं पिवळाजर्द होऊन पडला होता, तेव्हा मुलुंडहून विक्रोळीला यायला त्यांना एकदाही सवड झाली नाही. मुलुंड काय विलायतेत आहे? पण मालन काही बोलली नाही. मालन ही जयवंतची बायको, आणि थोरल्या दिरासमोर तोंड उघडायचं नाही हे ती लग्नापासून पाळत आलेली.

जयवंत ऑगस्टात गेला. डिसेंबर लागला तशी एका रविवारी ख्रिस्ती मंडळीची उपासना संपल्यावर मार्तंडदादा देवळात उभे राहिले. देवळाच्या पंचकमिटीत होते, उभं राहायची सवयच होती त्यांना. आवाज कापरा करून म्हणाले, "मंडळी, यंदा साळव्यांच्या दोन्ही घरांत नाताळचा फराळ व्हायचा नाही. माझा पाठचा भाऊ गेलाय. कढई चढणार नाही." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पाळकसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

आता रीत म्हणाल तर खरीच होती. घरात माणूस गेलं की पहिल्या सणाला त्या घरी तळण करत नाहीत, मग दिवाळी असो की नाताळ. पण त्या घरची पोरं कोरडी राहू नयेत म्हणून भावकीनं ताट भरून द्यायचं, हा रीतीचा दुसरा अर्धा भाग. त्यातही मान मोठ्या घराचा. थोरल्याचं ताट आधी पोचायचं, मग बाकीच्यांची. मार्तंडदादांनी देवळात पहिला अर्धा भाग मोठ्यानं सांगितला आणि दुसरा गिळला. पण तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही, मालनच्याही नाही.

त्याच दुपारी ते मालनच्या चाळीत आले, चहा प्यायले, तिच्या पोरीच्या, कमलच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "मालन, आईची कढई कुठेय गं?"

ती कढई म्हणजे सासूबाईंनी नगरहून डोक्यावरून आणलेली, दोन कानांची, लोखंडी. म्हातारी शेवटपर्यंत जयवंतकडे राहिली, म्हणून कढईही तिथेच राहिली.

"तुला यंदा लागायची नाही. उगाच गंज धरेल," मार्तंडदादा म्हणाले. "मी नेतो. तेल लावून ठेवतो."

मालननं दिली. मूर्खासारखी पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

मग सुरू झालं वाट बघणं. कमल चौदा वर्षांची, काही लहान नव्हती, पण बापाच्या मागे पहिला नाताळ होता तिचा. तिनं डबे घासून उन्हात वाळवले. शेजारणींनी दिवाळीत दुखवट्याचं घर म्हणून ताटं भरून पाठवली होती, ती ताटं मालनच्या फळीवर तशीच होती. रिकामं ताट परत करत नाहीत. नाताळला भरून द्यायची म्हणून मालननं ठेवलेली. रोज संध्याकाळी कमल दारात जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, "मोठे काका आज येतील बहुतेक." मंडळीतल्या बायका रस्त्यात भेटल्या की विचारायच्या, "मोठ्या घरचं ताट आलं ना गं? ते आलं की आमचं पाठवतो." मालन काय सांगणार? "येईल," म्हणायची. तिनं नाही म्हटलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे डबा दिला असता, आणि जयवंतच्या पोरीला भावकीनं टाकलं हेही सगळ्या मंडळीत झालं असतं. तेच तिला नको होतं.

चोवीस तारखेला सकाळी शेजारच्या शांताबाई नळावर म्हणाल्या, "अगो मालन, तुमच्या भावकीकडसून काय्येक इलां नाय?"

"येईल संध्याकाळपर्यंत."

"चेडू रोज दारात उभी रवता. माका बघवना नाय." शांताबाईंनी कळशी आपटली.

ते ऐकलं आणि मालनच्या डोक्यात काहीतरी फाटकन तुटलं. चप्पल घातली, पदर खोचला आणि मुलुंडची बस पकडली. भांडायला नव्हती जात, देवाशपथ. दादा विसरले असतील, आठवण करून द्यावी, एवढंच होतं मनात. किती भाबडी बाई!

दादांच्या बिल्डिंगच्या जिन्यातच वास आला. तळणाचा. डालडा आणि वेलची. खिडक्या गच्च बंद, पण वासाला काय, तो दाराखालून जातो. जाऊबाई सुलक्षणानं दार उघडलं, तिचे हात पिठानं माखलेले. मागे स्टोव्हवर सासूबाईंची कढई, कढईत करंज्या. आणि बनियनवर बसलेले मार्तंडदादा चकलीचा तुकडा तोंडात टाकून टीव्ही बघत होते. दुखवटा चालला होता म्हणे!

"अगं, तू?" सुलक्षणा म्हणाली. "ये ना. घरच्यापुरतंच करतेय हं थोडं."

घरच्यापुरतं! तीन पत्र्याचे डबे काठोकाठ भरून भिंतीला लागले होते.

मार्तंडदादांनी घाईघाईनं चकली गिळली. "उद्या ऑफिसातले साहेब येणारेत गं. त्यांच्यापुढे काय ठेवायचं, सांग? रिकाम्या बशा?"

"आणि कमलपुढे काय ठेवायचं, दादा?"

"पाठवणारच होतो. जरा निवांत झाल्यावर. आणि हे बघ, आपल्या चुली वेगळ्या. दुखवटा खरा म्हणजे तुझ्या घरचा. आमचं काय, आम्ही आपले मन म्हणून…"

"देवळात तर दोन्ही घरांचं म्हणालात."

"ते लोकांसमोर बोलायचं असतं."

सुलक्षणानं तेवढ्यात वर्तमानपत्राच्या तुकड्यात पाच करंज्या बांधल्या आणि पुढे केल्या. "घे, कमलला दे."

मालननं त्या पुडीकडे बघितलं. ताट नाही, वर रुमाल नाही, पुडी. दारावर आलेल्या भिकारणीलाही याहून बऱ्या मनानं देतात. जयवंत या भावाची वाट बघत दाराकडे तोंड करून निजायचा, ते आठवलं आणि तिला वाटलं, उकळत्या तेलासकट ती कढई उचलून टीव्हीवर भिरकावावी.

तिनं स्टूल ओढलं आणि स्टोव्हसमोर बसली.

"ताई, स्टोव्ह बंद करा."

"का गं?"

"कढई न्यायचीय."

"अगं, अजून अर्धं पीठ पडलंय माझं!"

"पडू दे."

मालननं स्वतःच हात घालून स्टोव्ह विझवला. मग तेल निवेपर्यंत ती तिथेच बसून राहिली. सुलक्षणा पिठाचा गोळा घेऊन आत-बाहेर करत होती. दादांनी टीव्ही मोठा केला, मग बंद केला. "लोक काय म्हणतील मालन, जरा विचार कर," म्हणाले. तेल निवलं तसं मालननं ते त्यांच्याच पातेल्यात ओतलं, ओशट कढई काखेत मारली आणि निघाली. पुडी ओट्यावर तशीच राहिली. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "बाई, साडीला तेल लागलंय." ती म्हणाली, "लागू दे!"

वाटेत मैदा, रवा, नारळ घेतला. घरी कमल म्हणाली, "आई, पण आपल्याकडे दुखवटा आहे ना?"

"आहे. मी मरेपर्यंत राहील. तू पाऱ्या लाट."

शांताबाई हाक न मारताच आल्या आणि नारळ खवायला बसल्या. करंज्या काही धड झाल्या नाहीत. मालनचा हात रागानं इतका दाबून बसत होता की मुरडी फाटायच्या, सारण तेलात सांडून जळायचं, आणि ती स्वतःला, दादांना, पार काविळीला शिव्या घालत पुढची भरायची. अंधार पडायच्या आत शेजाऱ्यांची ताटं भरून गेली. एक ताट तिनं मागे ठेवलं आणि वर विणलेला रुमाल घातला.

नाताळच्या उपासनेनंतर देवळाच्या अंगणात सगळे एकमेकांना भेटत होते. मार्तंडदादा दंडाला काळी फीत लावून पाळकसाहेबांशी बोलत उभे होते. मालन ताट घेऊन सरळ त्यांच्यासमोर गेली. त्यांचा चेहरा उतरला. काल कढई गेली तेव्हापासून त्यांना हीच भीती असणार.

"दादा, तुमच्या घरी दुखवटा," ती म्हणाली. आवाज अख्ख्या अंगणात गेला, तिनं जाऊच दिला. "कढई चढली नसेल. दुखवट्याच्या घरी भावकीनं ताट द्यायचं असतं, म्हणून घेऊन आलेय. घ्या, तोंड गोड करा."

दादांना नाही म्हणता येईना आणि हो म्हणता येईना. बाजूला सुलक्षणा जमिनीकडे बघत उभी. शेवटी त्यांनी एक करंजी उचलली.

पाळकसाहेब गोंधळले. हळूच म्हणाले, "पण मालनबाई, माणूस तर तुमच्या घरातलं गेलं. तुम्ही कशी कढई चढवलीत?"

"काय करू, साहेब?" मालन म्हणाली. "पोरगी रोज दारात उभी राहायची. आमच्याकडे ताट आणून देणारं कुणी उरलं नाही. जयवंत ऑगस्टात गेला, आणि त्याची भावकीही काल गेली, मुलुंडमध्ये. मी स्वतः जाऊन बघून आले."

मार्तंडदादांच्या हातातली करंजी तोंडापाशीच राहिली होती.

"खा ना, दादा," मालन म्हणाली, आणि ते खाईपर्यंत ताट धरून उभी राहिली.