आधी मोजीन, मगच पुसेन

मी एक स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाचा छोटा प्रोग्राम, बोलतेय. बावीस ओळींची, नवशिक्या हाताने लिहिलेली, आणि त्याची मला तिळमात्र लाज नाही.

माझा जन्म एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत झाला. नको असलेले फोटो पुसण्यात फोटोग्राफर काकांचा निम्मा दिवस जायचा. त्यांची पुतणी नुकतीच प्रोग्रामिंग शिकू लागली होती, तिने मला लिहिलं. माझ्या नावापुढे फोल्डरचं नाव टाइप करायचं, की मी तो फोल्डर रिकामा करणार. पुढे टाइप केलेल्या अशा शब्दांना आर्ग्युमेंट म्हणतात. पण संगणक मला शब्दांची जी यादी देतो, तिच्यात पहिलं नाव माझंच असतं, हे तिला ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी मी स्वतःलाच पुसायला निघाले होते.

मग ती शहाणी झाली. तिने मला मोजायला शिकवलं. फोल्डरचं नाव एकच मिळालं तर काम करायचं, कमी-जास्त झालं तर कशालाही हात लावायचा नाही.

एका सकाळी काका स्वतःच कीबोर्डवर बसले. बाहेर बाकावर एक नर्सबाई आपल्या वडिलांचे फोटो न्यायला थांबली होती. वडील आठवड्यापूर्वीच गेले होते. चांगले फोटो 'नर्स' या फोल्डरमध्ये होते, हललेले 'नर्स नको'मध्ये. छापण्याआधी हललेले पुसून टाकावेत म्हणून काकांनी घाईत नर्स नको असं टाइप केलं, पण नावाला अवतरणचिन्हं घालायची राहिली. मधल्या मोकळ्या जागेमुळे माझ्या हाती दोन नावं आली. मी लिहिलं, "एकच नाव हवं, दोन मिळाली. काहीही पुसलेलं नाही."

काका तापले. तीनदा त्यांनी तेच टाइप केलं, तीनदा मी तेच सुनावलं. मला अडेलतट्टू म्हणाले आणि पुतणीला बोलावून मोजणीच्या ओळी काढून टाकायला सांगितल्या. "पहिला शब्द घेऊन गुमान काम करायला काय होतं हिला?"

पुतणीने स्क्रीनवर बोट ठेवलं. "काका, पहिला शब्द 'नर्स' आहे."

कॅमेऱ्याचं कार्ड आदल्याच दिवशी साफ केलेलं. दुसरी प्रत कुठेच नव्हती. काकांनी अवतरणचिन्हं घालून नाव पुन्हा टाइप केलं. ओळी तशाच राहिल्या.

फोटो छापून झाल्यावर नर्सबाईने एक हातात घेतला, बराच वेळ पाहिला. "अस्सेच हसायचे," ती म्हणाली.

आत काय घडलं ते तिला कळलं नाही, कळायची गरजही नाही. काका अजून माझ्यावर करवादतात. करवादू देत. तुम्हीही मला हट्टी म्हणा, माझ्या बावीस ओळींना हसा. पण तुमच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधून मी कुणाचा बाप पुसणार नाही.