डोबऱ्याचं हाड आणि आखाजीची घागर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी डॉक्टर चारुलता माहेरी आली, तर गावात चिटपाखरू नाही. अंगणातले झोके रिकामे हलत होते आणि सणाला आलेल्या लेकीबाळी आटलेल्या तलावात रांग लावून उभ्या होत्या. कशासाठी? तर एका हाडाला जीभ लावायला!

नरडाण्याजवळच्या या डोहखेड्यात तलावातल्या डोबऱ्या राक्षसाची गोष्ट पोरं पाळण्यातच ऐकतात. त्या उन्हाळ्यात शेतात टाकायला गाळ उपसताना मांडीएवढं जाड एक हाड निघालं आणि शेजारी दगडासारखा, आडव्या वळ्यांचा, पायाच्या तळव्यासारखा एक तुकडा. दुसऱ्या दिवशी जलानंद महाराज जीपमधून प्रकटले. त्यासाठी दिव्यदृष्टी लागली नाही, मोबाइल पुरला.

"हा डोबऱ्यासुराचा पाय!" महाराज गरजत होते. "गाळ उपसून त्याची समाधी मोडली! ज्याच्या पापानं मोडली, त्याची जीभ हे हाड धरून ठेवील!"

सरपंच हितेंद्रभाऊंनी भीत भीत जीभ लावली. सुटली. लोकांनी जयजयकार केला. मग इंदिराबाई पुढे आल्या. चारुलताची ही आई. नवरा गेल्यावर तलावकाठचं शेत एकटीनं कसणारी. गाळाचं पहिलं ट्रॅक्टर तिच्याच शेतात रिकामं झालं होतं. महाराजांनी मंत्र पुटपुटत हाड गर्रकन फिरवलं. इंदिराबाईंची जीभ चिकटली ती चिकटलीच. ओढून काढली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

"सापडली!" महाराजांनी निकाल दिला. "उद्या पितरांची घागर भरायच्या आत ते शेत डोबऱ्याच्या मंदिराला द्यायचं. नाहीतर गावावर पाणी कोपेल!"

चारुलतानं आईला धरलं.

"मन्हाकडथीन काय पाप व्हयनं, माय?" इंदिराबाई पुटपुटल्या. "दी टाकू शेत."

शेत जाणार याचं दुःख होतंच. पण आई स्वतःलाच पापी समजते आहे, हे बघून चारुलताचं टाळकं सणकलं. तिनं आधी तो तळवा उचलला. देवपूरच्या दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांची तोंडं उघडून बघणारी बाई ती.

"महाराज, हा पाय नाही, दाढ आहे. हत्तीची! या वळ्या चारा दळायला असतात. म्हणजे तुमचा राक्षस शाकाहारी निघाला."

कोणीतरी फिस्सकन हसलं. महाराज कडाडले, "मग जीभ कुणी धरली?"

"सांगते ना." चारुलता घरी गेली आणि उद्याच्या पूजेसाठी आणलेली कोरी घागर घेऊन आली. "हितेंद्रभाऊ, हिच्या काठाला जीभ लावा."

पितरांची घागर, अजून पाणीही न लागलेली. सरपंचांनी बिचकत जीभ लावली आणि "अँ अँ" करू लागले. मग गावातले म्हातारे वनाआबा पुढे सरसावले.

"अरे, मन्हीबी चिकटनी!"

बायकांमध्ये खसखस पिकली. जो तो घागरीला जीभ लावू लागला.

"काय मंडळी, आपल्या पितरांच्या घागरीतही डोबऱ्या बसला का?" चारुलतानं विचारलं. "कोऱ्या मातीला बारीक छिद्रं असतात, ती जिभेचं पाणी शोषतात. फार जुन्या हाडालाही तशीच छिद्रं असतात. आता हाडाची दोन्ही टोकं हातानं चाचपा."

वनाआबांनी चाचपली आणि बोटं नाकाशी नेली. "हाई तर तूप शे!"

एक टोक पूजेच्या नावाखाली तुपानं माखून छिद्रं बुजवलेलं, दुसरं कोरडं ठणठणीत. गावाला तुपाचं टोक, इंदिराबाईंना कोरडं.

"महाराज, आता तुम्ही लावा जीभ. या कोरड्या टोकाला."

महाराजांना एकाएकी दुसऱ्या गावचं कीर्तन आठवलं. जीप सुरू व्हायला मात्र मंत्र लागला नाही.

पुढे धुळ्याहून भूगर्भशास्त्राचे जाणकार आले. हजारो वर्षांपूर्वी इथे पाण्यावर येणाऱ्या हत्तीची ती हाडं, असं त्यांनी सांगितलं. वनाआबांनाही मग आठवलं, की त्यांच्या आज्याच्या काळी तलाव आटला तेव्हा असंच एक हाड निघालं होतं. हाड दिसलं, प्राणी कळला नाही; माणसांनी राक्षस रचून मोकळी जागा भरली. न कळणं हा गुन्हा नाही. त्या न कळण्यावर कुणाचं शेत लाटणं हा गुन्हा आहे.

आखाजीला इंदिराबाईंनी तीच घागर धुऊन भरली आणि प्यायला अख्खं गाव आलं. शेत आजही त्यांचंच आहे. गेल्या महिन्यात धुळ्याच्या बाजारात कुणी त्यांना गुडघेदुखीचा सिद्ध गंडा दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, पालथा केला, वास घेतला आणि विचारलं, "आते दुसरं टोक दखाड."

चमत्कार समोर आला तर हात जरूर पुढे करा. जोडायला नव्हे, तो उलटून बघायला.