थोरलीचा अर्ज, धाकटीचे डोळे

रकाना ९. जुळं भावंड आहे का?

"तू माझी थुंकी देऊन आलीस!"

"तुझी कशाला देऊ? माझीच दिली."

"तुझी नि माझी काय वेगळी आहे?"

हा मुद्दा थोरलीच्या ध्यानातच आला नव्हता.

धाकटीचं कुलूपकिल्ल्यांचं दुकान चार पावलं लांब आणि दोन पावलं रुंद. भिंतभर खिळे, खिळ्यांवर कोऱ्या किल्ल्या, टेबलावर पितळेचा पिवळा भुगा. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या की मध्ये आरसा धरल्यासारखं वाटे; फक्त आरशातल्या बाईच्या हातात कानस असे. थोरली अकरा मिनिटांनी मोठी. तेवढ्या भांडवलावर तिने त्रेसष्ट वर्षं 'ताई' म्हणवून घेतलं होतं.

"हे वाच," धाकटीने एक पत्र पुढे केलं. "मोठ्याने वाच."

थोरलीने वाचलं. एका चष्म्याच्या कंपनीला धाकटीच्या दृष्टीची काळजी लागून राहिली होती. काचबिंदूचा धोका सरासरीहून जास्त असलेल्या आपल्यासारख्या कारागिरांसाठी, असं लिहून पुढे चष्म्यांवर सवलत दिली होती. वर धाकटीचं नाव, दुकानाचा पत्ता, पिनकोडसुद्धा बरोबर.

"माझ्या डोळ्यांना काय होणार आहे ते या चष्मेवाल्याला कोणी सांगितलं? मला नाही माहीत, माझ्या डॉक्टरला नाही माहीत!"

थोरलीला माहीत होतं. चार महिन्यांपूर्वी आलेल्या तिच्या अहवालात हेच वाक्य होतं, पान सातवर.

रकाना २. व्यवसाय

हॉस्पिटलच्या नोंदणी खिडकीवर थोरलीने एकतीस वर्षं काढली. तिथे तिला 'रकानाबाई' म्हणत, तोंडावरही म्हणत. अर्जात एक जागा जरी कोरी दिसली तरी कागद सरकत खिडकीबाहेर परत जाई. एकदा एका घाबरलेल्या नवऱ्याला तिने 'अपत्यांची संख्या' लिहून आणायला पाठवलं. तो लिहून येईपर्यंत संख्या बदलली होती. तिने त्याला नवा अर्ज दिला.

निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी तिला एक गुळगुळीत डबी भेट दिली. आत काचेची नळी. रेषेपर्यंत थुंकायचं, बूच लावायचं, पोस्टात टाकायचं. मग कंपनी तुमच्या रक्तातली सगळी गोष्ट सांगणार: पुढे कुठले आजार होऊ शकतात, नातेवाईक कुठे कुठे आहेत. सोबत फोनवर भरायचा अर्ज. चौसष्ट रकाने. त्यातल्या निम्म्यांपुढे 'ऐच्छिक' असं लिहिलं होतं.

थोरलीच्या हिशेबी ऐच्छिक हा शब्द आळशी लोकांनी शोधून काढला होता. तिने सगळे भरले. जुळं भावंड? हो. एकसारखं दिसणारं? अगदी. नाव, पत्ता, व्यवसाय. भावंडाची मुलं? एक मुलगी, तिचं नाव, जन्मतारीख, नोकरी. शेवटी बारीक अक्षरांतला मजकूर आणि एक चौकोन. एकतीस वर्षं ती लोकांना सांगत आली होती, "खाली सही करा, वाचत बसू नका, मागे रांग आहे." तिच्या मागे रांग नव्हती. तरी तिने वाचलं नाही.

रकाना ४०. नातेवाइकांशी संपर्क हवा का?

हो.

आता खरी अडचण इथे होती, आणि ती धाकटीला ठाऊक नव्हती.

थोरलीने लग्न केलं नव्हतं. निवृत्तीनंतर तिचं घर इतकं शांत झालं होतं की नळ गळायला लागला तेव्हा तिला जरा बरंच वाटलं. अशात कंपनीने कळवलं: तुमच्याशी जुळणारे नातेवाईक, चार. त्यातले दोघे कधी बोलले नाहीत. एकीने नमस्कार केला आणि गप्प झाली. चौथा मात्र बोटीवरचा निवृत्त स्वयंपाकी निघाला, लांबचा चुलतभाऊ. कुठल्याशा परदेशी बंदरातल्या दोन खोल्यांत एकटाच राहायचा आणि रोज इथल्या सकाळी सव्वासातला कंपनीच्या संदेशपेटीत एक विनोद टाकायचा.

'कॅप्टन म्हणाला, सूप खारट झालंय. मी म्हटलं, साहेब, खिडकी उघडी राहिली होती.'

थोरली एकटीच खो खो हसायची. मग हॉस्पिटलच्या खिडकीवरचा एखादा किस्सा लिहून पाठवायची. तो लिहायचा, 'ताई, तुमच्यासारखी एक जण बोटीवर असती तर बोट बंदरातून सुटलीच नसती.'

या वयात कोणीतरी नव्याने 'ताई' म्हणतं, तेही अकरा मिनिटांचा वाद न घालता!

रकाना ५२. माहिती इतरांना देण्यास संमती

"असू दे ना," थोरली म्हणाली. "चांगलंच सांगितलंय की. डोळे सांभाळ म्हणतायत."

"मला सांगितलं असतं तर मी पाया पडले असते. मला नाही सांगितलं ताई, चष्मेवाल्याला सांगितलं! उद्या विमेवाल्याला सांगतील. परवा माझ्या गिऱ्हाइकांना कळेल की किल्लीवालीचे डोळे जाणार आहेत. मग कोण येईल माझ्याकडे?"

"अगं, धोका जास्त आहे, एवढंच. जाणार आहेत असं कुठे म्हटलंय?"

"तो फरक तुला कळतो. त्यांना कळेल? आणि माझ्या लेकीचं नाव कशाला लिहिलंस?"

"रकाना होता."

धाकटीने कपाळावर हात मारला. कपाळाला पितळ लागलं. मग तिने भिंतीकडे बोट केलं.

"अख्ख्या गावाच्या किल्ल्या या टेबलावरून जातात. आजवर एकीचा तरी ठसा ठेवलाय मी? काम झालं की दोन्ही किल्ल्या मालकाच्या हातात. आणि एवढं करून कोणाला शंका आलीच, तर तो कुलूप बदलतो. हे कसं बदलायचं, सांग. नवीन रक्त भरू?"

थोरलीच्या पर्समधला फोन नेमका तेव्हाच वाजला. कंपनीचा संदेश. धाकटीने फोन पर्समधून काढून तोंडासमोर धरला आणि तो लगेच उघडला. या फोनने दोघींत आजवर कधीच भेद केला नव्हता. दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं की तुमच्या चेहऱ्याशिवाय उघडणार नाही.

"ऐक. 'आनंदाची बातमी! उद्यापासून आपली कंपनी एका मोठ्या परिवाराचा भाग होत आहे. आपली माहितीही आपल्यासोबत नव्या घरी येईल. माहिती पुसून हवी असल्यास आजच कळवा.'" धाकटीने वर पाहिलं. "आजच."

"पुसली की सगळंच जातं?"

"खातं बंद. अहवाल, नातेवाईक, संदेश, सगळं." ती भराभर बोट फिरवत होती. मग थांबली. खाली सरकवून तिने दोन-चार ओळी वाचल्या. ओठांचा कोपरा हलला. "खिडकी उघडी राहिली होती," ती पुटपुटली आणि फसकन हसली. "हा कोण गं?"

थोरलीने सांगितलं. सांगताना तिचा आवाज नोंदणीच्या खिडकीवरचा राहिला नाही.

धाकटी ऐकत होती. बोट लाल बटणाच्या वर, नखभर अंतरावर. दाबलं असतं तर कंपनीला कळलंही नसतं की कुठल्या बहिणीने दाबलं. थोरली त्या बोटाकडे बघत राहिली.

धाकटीने फोन टेबलावर ठेवला, भुगा बाजूला सारून, थोरलीच्या दिशेने.

"मी नाही दाबणार."

"का?"

"माझ्या तोंडाला उघडतो म्हणून तो माझा होत नाही. तूच ठरव." तिने कानस उचलली आणि अर्धवट राहिलेल्या किल्लीचे दात घासायला घेतले. मान वर केली नाही.

रकाना ६४. स्वाक्षरी

ओरडली असती तर थोरलीने दोन तास वाद घातला असता. पण खालमानेने घासणं चालू होतं, खर्र, खर्र, आणि त्या आवाजाशी वाद घालता येत नव्हता.

तिने संदेशपेटी उघडली. 'भाऊ, मी इथून जातेय. तुमच्यामुळे नाही. जे माझं एकटीचं नव्हतं ते मी देऊन बसले.' मग ती थांबली.

"धाकटे, त्याला पत्र पाठवायला तुझ्या दुकानाचा पत्ता देऊ का? माझ्या इमारतीत पत्रं गहाळ होतात."

कानस थांबली. त्रेसष्ट वर्षांत थोरलीने असं काही विचारून केल्याचं धाकटीला आठवत नव्हतं.

"नको," ती मजेत म्हणाली.

"नको?"

"विचारलंस ना? मग नको. तुझा दे. पोस्टमनच्या मागे मी लागते."

थोरलीने स्वतःचा पत्ता लिहिला, पाठवला आणि दहा मिनिटं वाट पाहिली. त्याच्याकडे बहुधा झोपेची वेळ असावी. उत्तर आलं नाही. तिने लाल बटण दाबलं. खात्री आहे का, कंपनीने विचारलं. आहे. नक्की? नक्की. जाण्याचं कारण? या रकान्यात तिने इतकं लिहिलं की जागा संपली.

"चष्मेवाल्याकडे गेलं ते गेलंच," धाकटी म्हणाली.

"हो. त्याला मी पत्र लिहिणार आहे. तिथेही कोणीतरी खिडकीवर बसलेलं असेलच." ते म्हणताना थोरलीचा चेहरा इतका खूश झाला की धाकटीला त्या अनोळखी कारकुनाची दया आली. "आणि उद्या तू डोळे दाखवायला जायचंस. आपल्या डॉक्टरकडे. मी पण येते."

"अर्ज मी भरणार," धाकटी म्हणाली.

स्क्रीनवर पांढरं पान उमटलं: तुमच्याशी जुळणारे नातेवाईक, शून्य.

"शून्य?" धाकटी खांद्यावरून डोकावली. "मग मी कोण आहे, भाडेकरू?"

दोघी हसत सुटल्या. तेवढ्यात कुलूप घेऊन एक बाई दारात आली. हिच्याकडून तिच्याकडे, तिच्याकडून हिच्याकडे बघत राहिली.

"तुम्ही जुळ्या का हो?"

थोरली सावरून बसली. "माझ्यापुरतं हो," ती म्हणाली. "हिचं हिला विचारा."

धाकटीच्या हातातून कानस पडली.

या रेषेखाली काही लिहू नये
________________________

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली गॅलरीत खुर्ची टाकून बसली. समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादरी झटकत होतं. सव्वासात वाजले. फोन शेजारी होता, उलटा नव्हे, सुलटाच.

सात वीस झाले.

तिने चहाचा कप उचलला. चार महिने विनोद वाचता वाचता तो रोज तिच्या हातात निवून जायचा. आज जीभ भाजली.