पहिला शॉट

नोएडातल्या आमच्या कारखान्यात एक जुनी वीट आहे. लेझर चालू केला की आधी चार-पाच शॉट त्या विटेवर मारायचे, मशीन जरा गरम करायचं, मग शॉटची ताकद मोजायला मीटर लावायचा. ही पद्धत कुणी घालून दिली देव जाणे. आम्ही चेहऱ्यावरचे डाग घालवायची मशीनं बनवतो. नव्वदीनंतर दिल्लीत ब्यूटी क्लिनिकांचं पेव फुटलं आणि आमची चांदी झाली.

आमचा मीटर ढिम्म. त्याला तापून आकडा दाखवायलाच कितीतरी सेकंद लागतात, आणि दाखवतो तीही सरासरी. म्हणून मी भांडून झटपट सेन्सर मागवला. तो प्रत्येक शॉट वेगळा मोजतो. काल विटेला फाटा देऊन थंड मशीनचा पहिलाच शॉट मी त्याच्यावर घेतला. ठरलेल्या ताकदीच्या जवळजवळ दुप्पट! पुढचे सगळे बरोबर. म्हणजे इतकी वर्षं नेमका भाजणारा शॉट विटेवर घालवून आम्ही मशीनं पास करत होतो. माझं डोकंच फिरलं.

आज ते मशीन दिल्लीतल्या द्वारकेच्या क्लिनिकला जायचं होतं. विक्रांत सर, आमचे मालक, मूळचे पार्ल्याचे, घाईत आले.

"यार देवयानी, जुना मीटर लाव आणि टेस्ट रिपोर्टवर सही कर. टेम्पो खाली उभा आहे."

"सर, पहिल्या शॉटला कुणाचातरी गाल भाजेल."

"बिल्कुल नाही. एवढी मशीनं गेली, एक तरी तक्रार आली? झाकली मूठ सव्वा लाखाची. सेफ आहे, मी सांगतोय ना!"

तक्रार कशी येणार? 'तुमची स्किनच नाजूक' म्हणून क्लिनिकवाले त्या बाईला घरी पाठवत असणार, आणि ती बिचारी कोरफड लावत स्वतःलाच दोष देत असणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी थंड मशीन चालू केलं, सेन्सर बाजूला सारला आणि सरांच्या हातात सेफ्टी चष्मा दिला.

"सेफ आहे ना? मग हात ठेवा, सर."

पॅकिंगवाले बघत होते. सर हसले, बाही वर करून हात पुढे केला. मी शॉटच्या पेडलवर पाय ठेवताच त्यांचा हात झटकन मागे गेला.

"अगं थांब! आधी विटेवर मार ना चार शॉट!"

म्हणजे त्यांना माहीत होतं.

मी पेडलवरचा पाय काढला. "द्वारकेला वीट नाही, सर," मी म्हणाले. "तिथे पहिली येणारी बाई असते."