मुरुम न येणारी कातडी

प्रयोगशाळेत मुरुमं पिकवायची, हा तिचा धंदा. ऑपरेशनमध्ये कापून उरलेली माणसाची कातडी काचेच्या बशीत जिवंत ठेवायची, वर जंतू सोडायचे आणि छिद्रं कशी तुंबतात ते बघत बसायचं. नवरा म्हणायचा, लोक मुरुमं घालवायला पैसे मोजतात, आमची ही पिकवायचा पगार घेते.

लेकीच्या तोंडावर मात्र ती फुकटच पिकली होती. पोरीने आरशावर टॉवेल टाकला होता, मैत्रिणी तोडल्या होत्या. आईचं मुरुमांवरचं मलम तयार झालं की टॉवेल काढीन, म्हणायची.

आणि झालं की तयार! मलम लावलेल्या एकाही बशीत छिद्र तुंबलं नाही. साहेबांचे पाय जमिनीवर नव्हते. उद्या मलम विकत घेणारी मंडळी यायची होती. तिने सहज एक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कातडीत तेलाच्या ग्रंथी औषधालाही नव्हत्या. साहेबांनी पाठवलेली ही तर पोटाची कातडी! मलम न लावलेल्या बशांत तेवढी चेहऱ्याची. अरे, जिथे तेलच नाही तिथे तुंबणार काय, कपाळ?

जाब विचारला तर साहेब म्हणाले, पोट कमी करून घेणाऱ्यांची रांग लागते, चेहऱ्याची कातडी मिळते कुठे? आणि कातडी ती कातडीच. म्हणे कातडी ती कातडीच! मंडळींना सगळं सांगते, असं तिने बजावलं. साहेब शांतपणे हसले.

"सांगा की. पण आधी घरी सांगा. सकाळीच तुमच्या लेकीला ट्यूब पाठवलीय मी."

असा संताप तिला जन्मात आला नव्हता. घरी पोहोचली तर आरसा उघडा, समोर लेक, तोंडभर पांढरं मलम आणि ओठांवर गाणं.

"हे लागू पडतं ना गं आई?"

"पोटावर पडतं," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. मग तिने काही हातचं न राखता सगळं सांगितलं.

लेकीने टॉवेल घेतला. आता तो पुन्हा आरशावर जाणार, म्हणून आईने मान खाली घातली. पण पोरीने त्याच टॉवेलने खसाखसा तोंड पुसलं. लालबुंद मुरुमं उघडी पडली.

"चेहऱ्याची कातडी मिळत नाही म्हणतात ना तुझे साहेब? उद्या मला त्या मंडळींसमोर घेऊन चल."